टोपीचा खुंट

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमच्या तलावात उतरलेलं विमान ढकलून वळवायला अठरा माणसं लागली होती. मी मोजली होती, कारण त्या दुष्काळी कामावर हजेरी घेणारा कारकून मीच. चौदा वर्षांनी टीव्हीवाल्या बाई आल्या आणि त्यांनी पारावर विचारलं, "त्या विमानाला हात लावलेले कोण कोण आहेत?" तर एकशे बेचाळीस हात वर झाले. त्यातले सात त्या साली पाळण्यात होते, आणि एक तर सास्तूरहून आदल्या दिवशी आलेला कुणाचा तरी जावई.

बाईंचं नाव नीलांबरी दिघे. हवाईदलातली जुनी डाकोटा विमानं निवृत्त होणार होती आणि त्यांतल्या एका विमानाची सगळी हयात त्या टीव्हीवर दाखवणार होत्या. लढाईत काय केलं, पुरात काय केलं, कुठं कुठं उतरलं. त्या यादीत जळकोटच्या अलीकडचा आमचा तलाव होता. इंजिनात बिघाड झाला आणि विमान अर्धवट खोदलेल्या कोरड्या तलावात पोटातलं पाणी हलू न देता येऊन बसलं. सोलापूरकडून मिस्त्री आले, त्यांनी तीन दिवसांत इंजिन नीट केलं. आता प्रश्न एवढाच, की उडायचं कुठून?

इथं खुंटाची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तलाव खोदताना प्रत्येक टोळी आपल्या खड्ड्यात मधोमध मातीचा एक खुंट न खोदता तसाच ठेवायची. खुंटाचा माथा म्हणजे मूळची जमीन. ओव्हरशियर आला की खुंटाला काठी लावायचा आणि किती खोल खोदलं ते ठरवायचा, त्यावरच मजुरी. आठवडाभराच्या घामाची तेवढीच एक साक्ष. त्यामुळं लोक पोराला रागं भरतील, पण खुंटाला धक्का लागू देत नसत. काही शहाणे खुंटाच्या डोक्यावर रात्रीतून हातभर माती चढवायचे आणि वर वाळलं गवत रोवायचे, म्हणजे खड्डा हातभर जास्त खोल दिसायचा. याला आमच्याकडं खुंटाला टोपी घालणं म्हणतात.

वैमानिकानं चालत जाऊन रस्ता ठरवला. त्यात एकवीस खुंट आडवे येत होते. ओव्हरशियर सोमवारी यायचा, विमान रविवारी जायचं. लोक बसले हट्टाला. मोजल्याशिवाय खुंट पाडायचे नाहीत!

तेव्हा पिराजी उठला. बौद्ध वस्तीतल्या चाळीस माणसांच्या टोळीचा तो मुकादम. मला म्हणाला, "आप्पा, तुमी आमच्या खुंटाला दोरी लावा, आकडा लिवा, म्या अंगठा देतो. मग पाडतो आमी. त्यो इमानवाला काय आपल्या तलावात संसार मांडाया आलाय व्हय?" त्याच्या टोळीनं पहिला खुंट पाडला, मग बाकीच्यांनी पाडले. बायकांनी धुम्मस घेऊन दिवसभर जमीन ठोकली. धुरपदाबाईच्या तळहाताला फोड आले तरी तिनं धुम्मस खाली ठेवलं नाही.

वीस खुंट पडले. एकविसावा हिंमतरावांच्या टोळीचा. हिंमतराव तेव्हा मुकादम होते, आज मी जिथं कारकुनी करतो त्या सोसायटीचे चेअरमन आहेत. ते मला दोरी लावू देईनात. "ओव्हरशियरबिगर मोज न्हाय. अन् ह्यो कडंला हाय, इमान हिकडं कशाला येतंय?" असं म्हणून त्यांनी खुंटावर बाभळीची फांदी टाकली. टोपी चांगली हातभर होती. मला दिसत होती. मी त्या खुंटापुढं रकाना कोरा सोडला.

रविवारी इंजिन घुमायला लागलं, धूळ उडाली. वाऱ्यानं विमान डावीकडं, त्या राहिलेल्या खुंटाकडं ओढ घ्यायला लागलं तसा पिराजी धुम्मस घेऊन धावला. पहिल्या घावात टोपी उडाली, चौथ्या-पाचव्यात खुंट बसला. चाक तिथून गेलं. पिराजी बाजूला होईपर्यंत शेपटाचा फटका त्याच्या मांडीवर बसला. विमान उडालं. वैमानिकाला कळलंसुद्धा नसावं.

त्या संध्याकाळी अहवाल मी लिहिला. हिंमतराव समोर बसून होते. पिराजी खुंट पाडायला गेला असं लिहिलं, तर खुंट कुणाचा आणि का राहिला, हे पुढच्या ओळीत यायला पाहिजे होतं. म्हणून मी लिहिलं, 'बघ्यांपैकी पिराजी नावाचा इसम कुतूहलापोटी पुढे गेल्याने जखमी.'

त्याचा पाय चार बोटं आखूड झाला. पायाचं त्याला फारसं नव्हतं. त्याला टोचायचा तो शब्द. गावात एस.टी. आली की कुणीतरी ओरडायचंच, "पिराजी, मागं सर! बघाया गेलास तर दुसरा बी जाईल!" लग्नात वरात निघाली की तेच, बैलगाडी वळली की तेच. चौदा वर्षं.

बाई शूटिंगला येणार म्हटल्यावर तो काठी टेकत सोसायटीच्या कचेरीत आला. बरोबर बायको, चांगुणा.

"आप्पा, म्या सत्कार मागत न्हाय," तो म्हणाला. "हार-बीर चेअरमनला घाला. त्या बाईला येवढंच सांगा, पिराजी बघाया गेला न्हवता. तुमच्या हातानं लिवलंय, तुमच्याच तोंडानं पुसा."

"सांगतो की," मी म्हणालो.

चांगुणा दारातच उभी होती. "आप्पाचं 'सांगतो' लई जुनं हाय," ती म्हणाली. "पाक मुरलंय लोणच्यावानी."

"गप गं," पिराजी म्हणाला. "ह्या टायमाला सांगत्याल."

मी खरंच सांगणार होतो. फक्त त्याच आठवड्यात माझ्या मुलाचा, ईरण्णाचा अर्ज साखर कारखान्यात गेला होता आणि त्याला हिंमतरावांची चिठ्ठी लावायची राहिली होती. हे मी कुणाला बोललो नाही. हिंमतरावही बोलले नाहीत. ते शहाणे आहेत.

शूटिंगच्या दिवशी तलाव तसाच कोरडा होता, त्याही साली पाऊस कुठं झाला होता! हिंमतरावांनी जळकोटहून चार नवी धुम्मसं आणवली आणि आपल्या भावकीतल्या बायका काठापदराची लुगडी नेसवून उभ्या केल्या. त्यातल्या एकीनं धुम्मस उलटं धरलं. धुरपदाबाई बांधावर बसून बघत होती. "अगं बाई, तुळजापूरची परडी न्हाय ती!" ती ओरडली, तेव्हा तिला बांधावरूनही उठवलं, कारण ती चित्रात येत होती.

मला खुर्ची दिली. समोर कॅमेरा, कॅमेऱ्याच्या बाजूला बाई, आणि बाईंच्या डोक्यावर छत्री धरून चेअरमन हिंमतराव. आयुष्यात कुणावर छत्री धरलेली मी त्यांना पाहिलं नव्हतं.

बाई गोड होत्या. घड्याळ बघायच्या, पण लपवून. मी खुंटाचं सगळं समजावलं, पिराजीनं पहिला खुंट पाडला तेही सांगितलं. मग म्हणालो, "आणि शेवटी एक खुंट राहिला होता, तो पाडायला पिराजी धावला. बघायला नाही. पाडायला."

सांगितलं बुवा एकदाचं. चौदा वर्षांचं ओझं उतरल्यासारखं झालं. छत्री जरा हलली, बाईंच्या तोंडावर ऊन पडलं.

बाईंनी डोळ्यांवर हात धरून विचारलं, "इंटरेस्टिंग! मग तो एक खुंट राहिला कसा? कुणाचा होता?"

मी हिंमतरावांकडं बघितलं नाही. ते माझ्याकडं बघत होते हे कळायला बघावं लागत नाही. मला वाटलं, पिराजीचं त्याला दिलं, आता दुसऱ्यालाही थोडं दिलं तर कुणाचं काय जातंय? धावून गेलेला माणूस धावून गेलेलाच राहतो.

"पिराजीच्याच टोळीचा असेल," मी म्हणालो. "घाईत राहिला."

छत्री पुन्हा नीट झाली.

पिराजी लांब चिंचेखाली होता. त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं लांबून हात केला. मी मान हलवली. तो हसला. मग बाईंनी त्याला कॅमेऱ्यासमोरून एकदा चालायला लावलं. तो जमेल तेवढा ताठ चालला.

दीड महिन्यानं कार्यक्रम लागला. ग्रामपंचायतीचा टीव्ही ओट्यावर ठेवला, दिवेलागणीलाच माणसं जमली. पिराजी धुतलेलं धोतर नेसून पुढं बसला होता. येडशीहून त्याची बहीण जाईबाई मुद्दाम आली होती, भावाला टीव्हीत बघायला. चांगुणानं माझ्याकडं बघून पहिल्यांदाच पदर सारखा केला.

सगळा कार्यक्रम बावीस मिनिटांचा. त्यात आमचं गाव तीन मिनिटं. त्यातलं दीड मिनिट हिंमतराव: "आम्ही रात्रीचा दिवस करून धावपट्टी तयार केली." मग लुगड्यातल्या बायका. मग मी, खुंट म्हणजे काय ते सांगताना. पाडायला गेला, बघायला नाही, हे वाक्य काही आलं नाही. त्याऐवजी पडद्यावर पिराजीचे नुसते चालणारे पाय दिसले आणि बाईंचा गोड आवाज आला:

"मजुरांच्या एका टोळीच्या निष्काळजीपणामुळे मातीचा एक खुंट वाटेत राहून गेला. त्याच टोळीचा मुकादम चूक निस्तरायला शेवटच्या क्षणी धावला आणि जखमी झाला. सुदैवानं विमानाला काहीही झालं नाही."

पुढं विमानाच्या पंखावर सूर्य मावळताना दाखवला. फार सुंदर होतं.

 गर्दीत मागं बसलेल्या बलभीमचा आवाज आला. "आयला! म्हंजी खुंट तुझाच हुता व्हय रं, पिराजी? अन् चौदा वर्सं आमी गरिबाला उगाच बघ्या म्हनलो!"

हसू फुटलं. हिंमतराव खुर्चीतून उठले, पिराजीच्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या रं. चूक मानसाच्या हातनंच हुती. आमी कवाच माफ केलंय त्येला."

पिराजी माझ्याकडं बघत होता. रागानं नव्हे. हजेरी घेताना आपलं नाव यायची वाट बघत माणूस जसा कारकुनाकडं बघतो, तसा. मी टीव्हीकडं बघितलं. तिथं शेतकऱ्यांसाठी हवामान चाललं होतं.

चांगुणा उठली. "चला," म्हणाली.  जाईबाईनं भावाला काठी दिली.

ईरण्णा एक तारखेपासून कारखान्यात जातोय.

त्यानंतर एस.टी. आली तरी 'पिराजी, मागं सर' कुणी म्हणत नाही. आता म्हणतात, "पिराजी, खुंट न्हाय न्हवं ठिवलास कुठं?" कुणाची गाडी घसरली, कुणाची भिंत पडली, तरी हेच. त्याच्या टोळीतले चाळीसजण त्याच्याशी धड बोलेनात, कारण निष्काळजी त्यांनाही म्हटलेलं होतं, तेही टीव्हीवर.

आठवड्यानं तो कचेरीत आला. एकटाच. बस म्हटलं तरी बसला नाही.

"आप्पा, त्यो जुना रिपोट हाय का तुमच्याकडं? त्या सालचा?"

कार्बनवरची प्रत माझ्या पेटीत होती. मी कागद टाकत नाही.

"त्येची नक्कल द्या," तो म्हणाला. "त्यात म्या नुसता बघ्या हाय न्हवं? खुंटाचं काय न्हाय?"

"खुंटाचं काही नाही," मी म्हणालो.

"मग द्या."

मी नक्कल केली. 'बघ्यांपैकी पिराजी नावाचा इसम.' अक्षर तेव्हापेक्षा बरं आलं. खाली सही केली, सोसायटीचा शिक्का मारला. शाई सुकत आलेली, शिक्का अर्धाच उठला.

पिराजीनं कागद उजेडात धरून बघितला आणि परत माझ्यापुढं ठेवला.

"नीट मारा, आप्पा," तो म्हणाला. "लोकांस्नी दावायचा हाय."