व्यायामगाडी

मी गाडी बोलतेय. पांढरी, बोजड, मागचं दार दोन हातांनी ओढावं लागणारी. वर्ध्याजवळ पिपरी मेघेला एका संस्थेच्या अंगणात राहते. कागदोपत्री माझं नाव ‘फिरतं पुनर्वसन केंद्र’ आहे. ते कुणाच्याच जिभेवर बसलं नाही, म्हणून पोरं मला व्यायामगाडी म्हणतात.

कारखान्यात मी सामान वाहणारी गाडी म्हणूनच जन्मले. पुढे माझ्या पोटात गाद्या अंथरल्या, धरून चालायला लोखंडी दांड्या बसवल्या आणि एक भला मोठा रबरी चेंडू ठेवला. ज्या लेकरांचे हातपाय जन्मापासून ताठ असतात, त्यांना व्यायाम द्यायला मी गावोगाव जाऊ लागले. चालवायला अंकुश. व्यायाम द्यायला मैत्रेयीताई. आणि संस्थेचा सगळा भार पद्माताईंवर.

माझ्या दारावर पहिलं नाव रंगवलं ते परदेशातल्या एका ट्रस्टचं. त्या लोकांना मी कधी पाहिलं नाही. एवढ्या लांबून कुणी आमच्या फेरीतल्या तळेगावच्या पोरांसाठी पैसे पाठवतं, याचंच मला अप्रूप वाटायचं. काही वर्षांनी परदेशी पैशाचे नियम बदलले आणि ती मदत आटली. मग मुंबईची एक कंपनी आली. जुनं नाव खरवडून नवं, मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलं गेलं. कंपनीचे साहेब वर्षातून एकदा यायचे, पोरांसोबत फोटो काढायचे, मनापासून विचारपूस करायचे. वाईट नव्हते ते.

तळेगावची काजल माझी लाडकी. मैत्रेयीताई तिला दांड्यांमध्ये उभी करायची आणि ती घामाघूम होऊन हसायची. नुकतीच ती आधाराशिवाय क्षणभर उभी राहू लागली होती, तेव्हाच कंपनीनं कळवलं, की यापुढे आमचा निधी आमच्या कारखान्याभोवतीच्या गावांसाठी राहील. आमच्या भागात त्यांचा कारखाना नव्हता. एवढंच कारण.

मी अंगणात कडुलिंबाखाली उभी राहिले. बॅटरी उतरली. आरशामागे चिमणीनं काड्या आणून ठेवल्या. पद्माताई खोलीत बसून दिल्ली-मुंबईला अर्ज करत होत्या. उत्तरं यायची, सभ्य भाषेत नकाराची.

एक दिवस अंगणात जीप थांबली. तळेगावचे किसनराव उतरले, मागोमाग काजलची आई मोनाली, कडेवर काजल. तिचे पाय पुन्हा लाकडासारखे ताठ झाले होते. मोनालीनं तिला माझ्या पायरीवर टेकवलं. लेकरू दांडीकडे हात करू लागलं.

“ताई, गाडी काऊन नाई येऊन राह्यली?” किसनरावांनी विचारलं.

पद्माताईंनी सगळं सांगितलं.

“म्हंजे मुंबईचा मानूस थांबला, तं आमचं लेकरू बी थांबलं?”

“कुणीतरी भेटेल काका. मी सगळीकडे लिहिलंय.”

“सगळीकडे लिवलं, पन तळेगावले लिवलं का?” किसनरावांचा आवाज चढला नव्हता, दुखावला होता. “इतके वर्ष गाडी आमच्या दारात येते. आमाले तुमी कधी इचारलंच नाई.”

पद्माताई म्हणाल्या, “नाही विचारलं. तुम्हाला देणं जमेल, हे माझ्या मनातच आलं नाही.”

“मंग आता इचारा. गावात येजा.”

अंकुशनं बॅटरी भरली, चिमणीच्या काड्या जपून लिंबाच्या फांदीत ठेवल्या आणि आम्ही निघालो. तळेगावच्या देवळाच्या सभामंडपात माणसं जमली होती. मी दारातच उभी, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. मला वाटलं होतं, आता ओढूनताणून बोलणं होईल, लोक एकमेकांकडे बघतील. तसं थोडं झालंही. एक व्यापारी म्हणाला, दारावर माझं नाव लिहा, मग बघतो. ते ठरेना तसा तो उठून गेला.

मग आर्वीचा मिस्त्री प्रफुल म्हणाला, “गाडीचं काम मी करून देतो. सामान तेवढं आना.” संत्र्याच्या एका अडत्यानं टायर कबूल केले. बचत गटाच्या बायका म्हणाल्या, डिझेलचं आम्ही बघू. शाळेतल्या मास्तरांनी मैत्रेयीताईच्या पगारातला वाटा आपसांत वाटून घेतला. ज्यांच्या घरची पोरं धडधाकट पळत होती, तीही माणसं बोलत होती. मी थक्क होऊन ऐकत होते.

आणि कोपऱ्यातून जयवंता आजी उठल्या.

आजींचा नातू माझ्याच गादीवर व्यायाम करायचा. त्याआधीच्या हिवाळ्यात निमोनियानं तो गेला होता. आता त्या घरात आजी एकट्याच.

“माह्या घरचं आता कोनी या गाडीत चढनार नाई,” आजी म्हणाल्या. “पन त्याची खोली रिकामी आहे. उन्हाळ्यात लेकरायले त्या तापल्या पत्र्यात काऊन बसवता? माह्या घरी आना. थंडी हवा आहे. घरात आवाज बी होईल.”

देणाऱ्याचं नाव लावायची पद्माताईंना जुनी सवय. त्या म्हणाल्या, “आजी, त्याच्या नावाची पाटी लावू या खोलीवर.”

“पाटी नोको. त्याचं नाव माह्या तोंडी आहे. भिंतीवर कायले?”

परदेशातून आलेली मदत मी पाहिली होती, कंपनीची पाहिली होती. ज्याच्यासाठी मागायचं तोच उरला नाही, तरी दुसऱ्याच्या लेकरासाठी दार उघडणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. एकदा डिझेलचं जमलं नाही आणि आमची फेरी हुकली. एका मास्तरांची बदली झाली, त्यांचा वाटा गेला. पण पुण्यात नोकरीला असलेली तळेगावची आकांक्षा फोनवरूनच थोडे थोडे पैसे पाठवू लागली आणि तिचं पाहून इतरही. कुणी वाढदिवसाला देतं, कुणी आईच्या वर्षश्राद्धाला. मग आष्टीची माणसं आली आणि म्हणाली, आमच्याकडेही चला, आमचंही आम्ही बघतो. पद्माताई अजून मोठ्या संस्थांना अर्ज करतात, करायलाच हवेत. पण आता त्या आधी गावाला विचारतात.

काजल आजींच्या खोलीत भिंत धरून चालते. हळूहळू, मध्येच बसून, पण चालते. आजी समोर पाट टाकून बसतात आणि तिला उगीच रागावतात.

आता माझं वय झालंय. चढावर धाप लागते, मागचं दार अंकुशलाही आवरत नाही. प्रफुल म्हणतो, पुढच्या तपासणीत ही काही टिकत नाही. गावांनी नव्या गाडीसाठी जमवाजमव सुरू केली आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. तुम्हाला काही द्यावंसं वाटलं तर माझ्या दुरुस्तीला देऊ नका, तिच्यासाठी द्या.

आणि ती आली, की माझा एक निरोप तेवढा सांगा. तळेगावात शिरताना हॉर्न वाजवू नकोस म्हणावं. गरज पडत नाही. माणसं आधीच दारात उभी असतात.