पुढचं चाक तुमचं, मागचं माझं

दोन साडू मिळून एक मोटरसायकल घेतात, तेव्हा वाटणीचा प्रश्न येतोच. या दोघांनी तो पहिल्याच दिवशी निकालात काढला. थोरले साडू जमीन मोजणी खात्यात आयुष्यभर लोकांच्या हद्दी आखून निवृत्त झालेले. त्यांनी खडू घेतला, टाकीखाली फरशीवर सरळ रेघ ओढली आणि जाहीर केलं, "पुढचं सगळं तुमचं, मागचं सगळं माझं."

धाकटे साडू दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, "म्हणजे हॉर्न माझा. वाजवायचा असला तर विचारायचं, साडूभाऊ."

दोघांच्या बायका, म्हणजे सख्ख्या बहिणी, दारात उभ्या राहून हसल्या. पण थट्टेत ठरलेली गोष्ट पुढे घरचा कायदा होऊन बसली. दिवा, हँडल, पुढचा टायर डॉक्टरांनी सांभाळायचा. साखळी, सामानाच्या पेट्या, मागची सीट आणि मागचा टायर मोजणीदारांनी. गाडी एक महिना यांच्या दारात, एक महिना त्यांच्या. गाडीही साधी नव्हती. लांब, रुंद, नुसती उभी करताना दम काढणारी, दूरच्या प्रवासासाठी बनवलेली. इतकी वर्षं वाटणीवरून एकदाही आवाज चढला नव्हता.

यंदा दोन्ही टायर एकदमच संपले. कायद्याप्रमाणे दोघांनी आपापला टायर निवडला, वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांना न विचारता. दुकान मात्र एकच होतं. त्यामुळे शनिवारी सकाळी गाडी स्टँडवर चढली, दोन्ही चाकं निघाली, तेव्हा टायरवाल्या बाईंनी दोन नवे टायर जमिनीवर शेजारी शेजारी आडवे टाकले आणि कमरेवर हात ठेवले.

"यातला एक परत जाणार. कुठला, ते तुम्ही ठरवा."

"का बरं?" मोजणीदारांनी विचारलं.

"दादांचा रेडियल आहे, मऊ रबराचा. काका, तुमचा जुन्या पद्धतीचा, कडक. पुढे रेडियल आणि मागे हा, असं मी बसवत नाही. वळणावर पुढचं चाक एक म्हणतं, मागचं दुसरं."

"आमच्याकडे सगळं तसंच चाललंय की," डॉक्टर म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. त्या दुसऱ्या गाडीच्या चाकाला साबणाचं पाणी लावायला गेल्या. दोघा साडूंनी एक-एक स्टूल ओढलं.

"हे बघा डॉक्टर," मोजणीदार म्हणाले, "माझा टायर दगड आहे दगड. वरून हत्ती न्या. तुमचा म्हणजे खोडरबर. दोन सहली झाल्या की भुगा."

"टिकतो हो तुमचा. कवळीपण टिकते. म्हणून कुणी चांगले दात काढून बसतं का?"

"तुम्हाला घाटात गुडघा टेकवत जायचं असतं, म्हणून हवा मऊ टायर. मला दोन माणसं आणि पेट्या न्यायच्यात."

"दोन माणसं?" डॉक्टरांनी भुवया उंचावल्या आणि लगेच खाली आणल्या. बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

कारण मोजणीदारांच्या मागच्या सीटवर दुसरं माणूस वर्षभर बसलं नव्हतं. मागच्या साली पावसात, बाजाराजवळच्या वळणावर, मागचं चाक वीतभर घसरलं होतं. कुणी पडलं नाही, कुणाला खरचटलंही नाही. पण घरी आल्यावर बायकोने हेल्मेट काढलं ते काढलंच. लेकीकडे जायचं झालं की ती बसने जायची. मोजणीदार हट्टाने गाडीवर निघायचे आणि बसच्या मागोमाग सगळा रस्ता कापायचे. ती मागच्या काचेतून हात करायची, हे हँडलवरून हात करायचे. थांब्यावर चहा एकत्र, मग ती पुन्हा बसमध्ये. लोकांना मौज वाटायची. मोजणीदारांना वाटत नव्हती. मागची सीट त्यांच्या हद्दीत होती आणि ती रिकामी होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा लेकीकडे जायचं होतं. या वेळी तिने बसावं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्यासाठीच त्यांनी दुकानातला सगळ्यात मजबूत टायर शोधून काढला होता. हे कुणाला सांगण्याइतके मात्र ते बोलके नव्हते.

"अगंबाई, गाडीचे पाय कुठे गेले?"

दारात मोजणीदारांची बायकोच उभी होती, दोघी बहिणींतली थोरली. ती घरी कपडे शिवायची; समोरच्या दुकानातून चेन आणि अस्तर घेऊन निघाली, तर लटकलेली गाडी दिसली. हातातली पिशवी तिने डॉक्टरांच्या मांडीवर ठेवली, जणू ते टेबलच आहेत, आणि खाली वाकून दोन्ही टायर चिमटीत धरून पाहिले, कापड पाहावं तसे.

"भांडताय कशावरून?"

"भांडत नाही, चर्चा चाललीय," दोघंही म्हणाले.

"आतले धागे वेगळे आहेत ताई," बाई तिकडूनच बोलल्या. "काकांच्या टायरात तिरके, एकमेकांवरून जाणारे. दुसऱ्यात या काठापासून त्या काठापर्यंत सरळ."

"म्हणजे हा उरेब आणि हा सरळ. उरेब कापडाला सरळ जोडलं की शिवण ओढते. झगा एका अंगाला लोंबतो."

"लोंबतो, आणि इथे तर माणसं आत असतात," बाई म्हणाल्या.

"मग ओल्या रस्त्यावर कुठला धरून राहतो?"

"मऊ."

थोरलीने मान हलवली. मग सहज विचारावं तसं नवऱ्याकडे न बघताच विचारलं, "अहो, आपण घसरलो तेव्हा मागे कुठला होता?"

कोपऱ्यातला हवेचा पंप धडधडायला लागला. डॉक्टरांनी पिशवीतल्या चेन मोजायला घेतल्या. मोजणीदारांपाशी उत्तर तयार होतं. वर्षभर ते तेच देत आले होते. रस्ता निसरडा होता, तेल सांडलं होतं, समोरून रिक्षा आली होती. यातलं खोटं काहीच नव्हतं. पंप थांबेपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

"हाच. याचाच मोठा भाऊ म्हण. झिजून पाटी झाली होती त्याची. टिकतोय ना, म्हणून मी चालवत होतो."

ती उभी राहिली. "म्हणजे टायर होता तो?"

"टायरच. आणि मी."

"मला वाटलं, मी हलले म्हणून."

"तू?"

"तुम्हीच विचारलंत की त्या दिवशी. गाडी सावरल्या सावरल्या. 'हललीस का गं?' म्हणून."

मोजणीदारांना आठवेना. मग आठवलं. घाबरून तोंडातून निघालेला शब्द; नाक्यापर्यंत पोहोचायच्या आत ते तो विसरले होते. तिने मात्र तो वर्षभर बसच्या मागच्या सीटवर सोबत नेला होता. आपल्यामुळे नवरा पडेल, या भीतीने.

"तू हलली नव्हतीस," ते म्हणाले. "पोत्यासारखी बसली होतीस."

"पोत्यासारखी?"

"म्हणजे, उत्तम बसली होतीस."

डॉक्टर पिशवीत तोंड घालून हसत होते. मोजणीदारांनी आपला टायर उचलला आणि बाईंच्या टेबलाला टेकवून ठेवला. "हा परत घ्या. दोन्हीकडे मऊ बसवा."

"साडूभाऊ, मागचं चाक तुमच्या हद्दीत येतं," डॉक्टर म्हणाले. "मी काही बोललो नाही हं."

"पुसली ती हद्द. इथून पुढे टायर जोडीने घ्यायचे आणि दोघांनी मिळून घ्यायचे." मग ते बाईंकडे वळले. "पण दोघं आणि पेट्या पेलेल असाच द्या. नुसतं मऊ नको."

"जड गाडीसाठी त्यातच वेगळा येतो. वजन सांगा."

मोजणीदारांनी आपलं सांगितलं आणि बायकोकडे पाहिलं. तिने पदर सारखा केला. "माझं यांच्याइतकंच धरा. थोडं जास्तच धरा. टायरपाशी कसली लाज!"

नवे टायर चढले. बाईंनी चकाकणाऱ्या रबरावर अंगठा फिरवून दाखवला. "ही चमक घसरते. पहिले शे-दीडशे किलोमीटर सांभाळून. जोरात ब्रेक नाही, वळणावर झोपवायची नाही, मागे कुणी बसायचं नाही."

महिना डॉक्टरांचा होता. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"काय बघताय? मी सांभाळून चालवू शकतो."

"माझी बहीण म्हणते, तुम्ही घरातल्या जिन्यावरसुद्धा वाकून वळता," थोरली म्हणाली.

डॉक्टरांनी किल्ली काढून मोजणीदारांच्या हातात दिली. "घ्या. तुमच्यासारखा रटाळ चालवणारा पंचक्रोशीत नाही. आज त्याचं चीज झालं."

मग चार-पाच दिवस मोजणीदार गाडीवर हिंडले. कोथिंबिरीच्या जुडीसाठी शहराला वळसा घातला. रोज परतल्यावर ते टायरपाशी उकिडवे बसत. मधली चमक गेली, मग दोन्ही कडांची गेली. शुक्रवारी सकाळी थोरली शिवणाच्या मशीनवरून उठली, बाहेर आली, वाकून मागच्या टायरवर अंगठा घासला आणि आत गेली. ती बाहेर आली तेव्हा अंगात स्वतःच शिवलेली जाड पँट होती आणि डोक्यावर हेल्मेट.

ती बसली. मागची स्प्रिंग दबली, हँडल किंचित हलकं झालं. मोजणीदारांना या हलकेपणाचा विसर पडला होता. 'हलू नकोस' हे शब्द ओठांवर आले. त्यांनी ते गिळले.

"तुला हवं तशी बस," ते म्हणाले.

"बसलेच आहे. तुम्ही पुढे बघा."

गल्ली संपली. पहिल्या वळणावर गाडी कलली तशी तीही कलली, आणि सरळ झाल्यावर सरळ झाली. नाका गेला, भाजीवाले गेले. मग तिने त्यांच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली.

"अहो, जरा पळवा. मागून सायकलवाला कधीचा घंटी वाजवतोय."