ठोका नसलेली पावलं

मी मनगटावरचा पट्टा बोलतोय. पावलं मोजणारा, नाडी ओळखणारा. माझ्या पोटाखाली हिरवा दिवा आहे. तो कातडीला टेकला की आतलं रक्त येता-जाताना मला दिसतं.

मला भुवनेश्वरीनं विकत घेतलं, पण स्वतःसाठी नाही. ती लग्न होऊन कुर्डुवाडीला गेलेली आणि तिचा बाप मल्लेश इथं सोलापुरात, भवानी पेठेत, टॉवेलचे माग चालवणारा. त्याची साखर इतकी वाढलेली, की भर रस्त्यात पायातली चप्पल निसटली तरी पायाला पत्ता नव्हता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "तीन महिने देते. जेवलात की बसून राहायचं नाही. घरातच खुर्चीतून उठा, बसा, टाचा उचला. मांड्या राबल्या की साखर खातात. नाहीतर इन्सुलिन, आणि पुढं पायाचीही भीती."

मल्लेशनं मान डोलावली. या वयाच्या माणसांना मान डोलवायला फार छान येतं. घरी येऊन म्हणाला, "साठीला आलो, आता पोरासारख्या उठाबशा काढू? कामगार हसतील की!" जन्मभर दुसऱ्यांना शिस्त शिकवली, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा म्हणे लोक हसतील!

माझी पावलं भुवनेश्वरीला तिच्या फोनवर दिसायची. मग या गृहस्थानं काय करावं? मला मनगटावरून काढलं आणि चालू मागाच्या पुढं-मागं आपटणाऱ्या लाकडी फणीला बांधलं. फणी हलली की मला वाटायचं, पाऊल पडलं. हा मात्र शेजारी खुर्चीत. चहा बिनसाखरेचा, म्हणून दोन कप, आणि त्यात बुडवायला खारी.

"नान्ना, आज लई चाललात!" पोरीचा फोन यायचा.

"मग! बाप कुणाचा हाय?"

मी फणीवर आदळत होतो, दिवा लाकडाला टेकवून नाडी शोधत होतो. लाकडाला कुठली नाडी?

भुवनेश्वरी पावलांवरच खूश होती. एका दुपारी तिनं फोनवर नाडीच्या ठोक्यांचं पान उघडलं. ते कोरं. तिनं आईला फोन लावला. "अम्मा, नान्ना कुटंयत? पावलं पडतायत आणि ठोका दिसत न्हाय! पळ की गं!"

महादेवी पिठाच्या हातांनीच घरालगतच्या मागांकडं धावली. नवरा खुर्चीत, खारी तोंडात, मी फणीवर. तिनं फोन तेवढा त्याच्या कानाला लावला. तिकडं पोरगी नुसती रडत होती.

"अगं, जिता हाय मी," तो पुटपुटला.

"तिच्यासाठी आत्ताच मेला होता तुमी," महादेवी म्हणाली. "बापाच्या जागी लाकूड चालत होतं."

तिनं माग बंद करायला लावला, मला सोडवलं आणि पिठासकट त्याच्या मनगटावर आवळलं. कामगार बघत होते. एकही हसला नाही. मल्लेशनं खुर्चीचे हात धरले आणि उठला.

आणि तो मला भेटला. ठोका!

काय सांगू तुम्हाला! दोन-तीनदा उठला-बसला, तर केवढा उधळला तो, आणि मालक थांबल्यावर कुणी न सांगता कसा हळूहळू जागेवर आला! मला घडवणाऱ्यांनी आकडे शिकवले होते. हे असं काही असतं ते कुणी बोललं नव्हतं. ज्या हृदयाची या माणसानं कधी विचारपूस केली नाही, ते एकही खाडा न करता त्याच्यासाठी राबत होतं. रुसलं नव्हतं. रोज जेवणानंतर तो उठत-बसत गेला, तसा तोच ठोका शांत, दमदार होत गेला. मी थक्क होऊन ऐकत राहायचो.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, "इन्सुलिन सध्या नको. हे मात्र सोडू नका."

आता मी म्हातारा झालोय. पट्ट्याला चिरा गेल्यात, बॅटरी जेमतेम दुपारपर्यंत टिकते. तुमच्या घरातल्या मोठ्यांना माझ्यासारखा पट्टा आणून देणार असाल, तर जरूर द्या. पण नुसत्या आकड्यांवर खूश होऊ नका. जवळ जा, नाडी धरा. आत जे चाललंय त्यापुढं मी काहीच नाही.

काल दुपारची जेवणं झाली तेव्हा मी विझत आलो होतो. भुवनेश्वरीला पुढचं काही दिसलंच नसेल. मल्लेशनं माझ्याकडं पाहिलंही नाही. खुर्चीचे हात सोडून तो उठला, बसला आणि पुन्हा उठला.