तक्रारीतलं दुसरं नाव

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी शाळेतून फोन आला. फोरमनची मुलगी आणि कटरची मुलगी, दोघीही वर्गात आलेल्या नव्हत्या. घरून तर सातलाच निघाल्या होत्या.

काचेच्या कारखान्यात फोरमन मापं आखायचा आणि कटर त्या रेघांवर काच कापायचा. सोळा वर्षं एकाच टेबलाशी. पोरी तेरा-तेराच्या. कटर डोंगरकडचा. म्हणजे त्याच्या आजोबांनी डोंगर सोडला होता, त्यानं स्वतः तो कॅलेंडरवरच पाहिलेला. तरी शहरात त्या लोकांना डोंगरकडचेच म्हणत.

मैत्रिणींची घरं, मैदान, वाचनालय पालथं घालून दोघं साडेदहाला पोलीस चौकीपाशी पोचले. रस्त्याच्या अलीकडेच कटर थांबला.

"तू एकटा आत जा. फक्त तुझ्या पोरीचं नाव दे."

"डोकं फिरलंय का तुझं? दोघी बरोबर आहेत."

"म्हणूनच सांगतोय. तुझीला शोधतील, तर माझी आपोआप सापडेल. माझी लिहिलीस तर दोघी गेल्या."

"झालं तुमचं रडगाणं सुरू! अरे, पोलीस आहेत ते, तुझे सावत्र काका नाहीत."

"सावत्र काका परवडला," कटर म्हणाला. "हात जोडतो तुला. आजचा दिवस माझं ऐक."

त्यानं भररस्त्यात खरोखरच हात जोडले. फोरमनला ते आवडलं नाही.

आत साहेबांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. "बसा काका, घाबरू नका." मुलीचा फोटो घेतला. अकराला दोन शिपाई बसस्थानकावर आणि दोन रेल्वे स्टेशनवर रवाना झाले. फोरमनचा जीव भांड्यात पडला. पोलिसांबद्दल लोक उगाच काहीबाही बोलतात, असं त्याला वाटलं.

"एकटीच होती?" साहेबांनी विचारलं.

खिडकीतून कटर दिसत होता, उन्हात तसाच उभा. मित्राची लेक गाळायची हे फोरमनला पटेना. खरं सांगून कुणाचं काय वाईट होणार? त्यानं दुसरं नाव सांगितलं.

पेन थांबलं. "डोंगरकडची?"

"हो, पण लहानपणापासून आमच्याच घरात..."

"मग आधी सांगायचं ना, काका! आम्ही आपलं गावभर धुंडाळतोय." साहेबांनी वायरलेस उचलला आणि चारही शिपायांना कटरच्या घरी जायला सांगितलं. "भाऊ आहे तिला?"

"आहे. एकोणीस वर्षांचा."

"बघा! बहिणीनं मैत्री करायची, भावानं पोरगी पळवायची. ठरलेलं असतं यांचं."

"साहेब, तो तिला बहीण मानतो."

"आधी सगळे तेच मानतात," हवालदार म्हणाला आणि हसला.

कटरला आत आणून फरशीवर बसवलं. फोरमनच्या हातात तोवर चहा आला होता. तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

"पोरगी कुठे लपवलीस?"

"माझीपण हरवलीय, साहेब."

थप्पड बसली. मग दुसरी. फोरमन मध्ये पडला, तेव्हा साहेबांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "काका, तुम्हाला मुलगी हवीय की मित्र?"

फोरमन खाली बसला. कटरनं त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

दीड वाजता बसस्थानकाच्या तिकीट खिडकीवरून फोन आला. गणवेशातल्या दोन मुली पावणेबारापर्यंत बाकावर बसल्या होत्या. बरोबर कुणी नव्हतं. एक रडत होती, दुसरी तिची समजूत घालत होती. कुठल्या बसमध्ये चढल्या ते कुणी पाहिलं नाही.

शिपायांना सव्वाअकरालाच, तिथे पोचायच्या आधी वाटेतूनच परत फिरवलं होतं.

"म्हणजे भाऊ पुढच्या थांब्यावर चढला असणार," साहेब म्हणाले. भाऊ तेव्हा आतल्या खोलीत होता. त्याला बारालाच कॉलेजातून उचलून आणलं होतं.

साडेतीनला तक्रार टाइप होऊन आली. फोरमनची मुलगी बेपत्ता. कटरची मुलगी फूस लावणारी. कटर आणि त्याचा मुलगा संशयित.

"हे खोटं आहे," फोरमन म्हणाला.

"मग नका करू सही. सही नाही तर तक्रार नाही. तक्रार नाही तर शोध नाही. पोरगी तुमची आहे."

कटरलाही एव्हाना आतल्या खोलीत नेलं होतं. तिथून ओरडणं ऐकू येत होतं. बापाचं की मुलाचं ते कळत नव्हतं.

फोरमननं सही केली.

संध्याकाळी सहापर्यंत दोघींचा पत्ता लागला नव्हता. बसस्थानकावर फोटो लागला होता, एकीचाच. कटरच्या बायकोला चौकीच्या फाटकातून आत सोडलं नव्हतं. तिच्या मुलाला पाच वाजता उचलून गाडीत घालून नेलं होतं. कुठल्या दवाखान्यात, ते चौकीत कुणी सांगत नव्हतं.