बोटभर बोंबील

"हे बोंबील व्हय का काडीपेटीच्या काड्या?" दारव्ह्याच्या बाजारात एका गिऱ्हाईक बाईनं ढीग उलटापालटा करून टाकला. "मोठे मोठे घरीच ठेवून राह्यली काय, प्रभाबाई?"

प्रभावतीला ते चांगलंच झोंबलं. सुक्या मासळीचा धंदा विश्वासावर चालतो, आणि तिच्या मालाला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. पण घरी पोतं उघडून लहानमोठे बोंबील निवडायचं काम सुनेचं, साधनाचं. आणि साधनाचं माहेर महागावला! झालं, मोठे बोंबील तिकडेच जात असणार, असा किडा प्रभावतीच्या डोक्यात वळवळायला लागला.

पुढच्या आठवड्यात साधना माहेरी निघाली तेव्हा सासूनं तिची पिशवी दारातच उपसली. आत फक्त नातीचे, म्हणजे खुशीचे, फ्रॉक निघाले. शेजारची शकुबाई ओट्यावरून सगळं बघत होती. साधनानं फ्रॉक घडी करून परत भरले आणि ती वाटेला लागली. लबाड माणूस असंच गप्प बसतं, असं प्रभावतीनं ठरवून टाकलं.

मग ती यवतमाळला भारतकडे गेली. तिला माल देणारा ठोक व्यापारी तो.

"मोठा माल तू काढून राह्यला का माही सून, ते आज मले पाह्यचं हाय."

"कोनीच नाही, मावशी. समुद्र तपला. कोयसा, गाड्या, कारखाने, साऱ्या दुनियेच्या धुपटाची गरमी तोच पिऊन राह्यला. मासा वाढूनच नाही राह्यला. बाकीचा थंड्या पान्याकडं निंगून गेला."

"वणीच्या खाणीतला कोयसा जळते अन् तिकडं समुद्रात बोंबील बारीक होते? मले पागल समजतं काय?"

भारतनं नुसती सुरी पुढे केली. किनाऱ्यावरून शिवून आलेली पोती, गाठ कोणी सोडलेली नव्हती. तिनं स्वतः एक फाडलं, तळापर्यंत हात घातला. बोटभर बोंबील. दुसरं फाडलं. त्यातही तेच.

समुद्र तिनं जन्मात पाहिला नव्हता, त्यामुळे त्याच्यावरचा संशय काही गेला नाही. पण सुनेवरचा गेला आणि तिला फार शरम वाटली. जीपमध्ये दारव्हा येईपर्यंत ती शब्द जुळवत होती.

"साधना, माही चुकी झाली, बाई," घरात शिरताच ती म्हणाली. "हे नवं पोतं. तूच उघड."

साधनानं पोतं ओसरीवर ओढलं. विळा हातात घेतला, आणि दाराशी जाऊन हाक मारली.

"शकुबाई, जरा अठी या. पोतं उघडून राह्यली. तुमी समोर बसा."

शकुबाई येईपर्यंत तिनं सुतळीला हात लावला नाही.