खिडकीतला वेल

मोतीबिंदूचं ऑपरेशन करून ताई घरी आल्या, तेव्हा उजव्या डोळ्यावर पट्टी होती. पण बैठकीची खिडकी उघडीबोडकी झालीय, हे डाव्या डोळ्यालाही लगेच दिसलं. मेणफुलांचा वेल गायब होता. कुंडीत चार बोटांचं खोड तेवढं उरलं होतं.

ताईंनी तीस वर्षं नर्सची नोकरी केली होती आणि वडिलांच्या या घरात एकोणीस वर्षं एकट्या राहिल्या होत्या. धाकटा भाऊ जमीनमोजणी खात्यातून निवृत्त होऊन दोन महिन्यांपूर्वीच राहायला आला होता. घर दोघांच्या नावावर होतं.

"छाटला," तो पेपरातून मान वर न करता म्हणाला. "उजेड अडत होता. फुलं तरी कुठे धरतो मेला?"

"मागच्या वर्षी पाच घोस आले होते. जुन्या देठांवरच पुन्हा येतात ती. देठ तोडले की पुन्हा वर्षानुवर्षं वाट बघायची. कुठे टाकलास?"

"खाली, कचऱ्यात. ताई, घर माझंही आहे."

"आहे ना. म्हणून तर तुलाच सांगते, जा आणि घेऊन ये."

तो जागचा हलला नाही. ताई भिंतीला धरून दाराकडे निघाल्या.

"अगं, डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीय ना तुला?"

"केलीय. पण मी वाकणार आहे."

ताई चप्पल घालायला खरंच वाकू लागल्या, तसा तो धडपडत उठला आणि पुटपुटत जिना उतरला. दहा मिनिटांनी पोतं घेऊन वर आला. शर्टाला वेलाचा पांढरा चीक लागला होता.

ताईंनी कात्री उकळत्या पाण्यात बुडवून घेतली. प्रत्येक तुकड्याला दोन पेरं ठेवून त्या कापत गेल्या. चीक सुकेपर्यंत तुकडे कागदावर पसरले. संध्याकाळी औषधाच्या रिकाम्या बाटल्या, बरण्या, पेले, जे हाताला लागेल त्यात पाणी भरून तुकडे लावले. सव्वीस झाले. बैठकीच्या खिडकीत मावले तेवढे ठेवले, मग स्वयंपाकघरात, मग न विचारता भावाच्या खोलीत.

"माझ्या खिडकीत नकोत," तो म्हणाला.

"घर माझंही आहे."

त्याने एक बाटली उचलली. ताई दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. त्याने ती पुन्हा जागेवर ठेवली, जरा कडेला सरकवून.

महिनाभरात एकोणीस तुकड्यांना मुळं फुटली. पट्टी गेलेल्या डोळ्याने ताईंनी ती एकेक मोजली आणि कुंड्या भरायला घेतल्या. भाऊ मागे येऊन उभा राहिला.

"फुलायला किती दिवस लागतील याला?"

"तीन वर्षं. चारही."

"तोवर मी इथे असेन की नाही, कोण जाणे."

"तुझं तू बघ," ताई माती दाबत म्हणाल्या. "मी आहे."