एका पेटीचा अपवाद

गाडीतून वडिलांचा लॅपटॉप घरात न्यायचा तर चार्जरची वायर काढावी लागणार होती, आणि वायर काढायला ब्रिनचा हात धजेना. बॅटरी वीस मिनिटं टिकते असं ती म्हणत होती, पण ते मोजून पाहिलं होतं कोणी? यूजीनपासून हिल्सबरोला लोर्नाच्या दारापर्यंत दोन तास तिने तो गाडीच्या चार्जरवर चालू ठेवून आणला होता, शेजारच्या सीटवर, पट्टा बांधून. शेवटी लोर्नाने आतून लांबलचक एक्स्टेंशन कॉर्ड आणली, ओल्या हिरवळीवरून ओढत, आणि एका हाताने जुनी पिन काढून दुसऱ्या हाताने नवी लावली. पडद्यावरची पासवर्डची चौकट जागच्या जागी राहिली, तेव्हा कुठे दोघींच्या जिवात जीव आला.

"मी ब्रिन. एल्डनची मुलगी."

"ते नाकावरूनच कळलं," लोर्ना म्हणाली.

एल्डन व्हिटकोम जाऊन अकरा दिवस झाले होते. अंगणात पानं झाडताना जरा टेकला, तो उठलाच नाही. लोर्ना आणि तो एकोणीस वर्षं एका कामावर होते. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो, कर्नेल, त्यातला राखणदारीचा एक कोपरा या दोघांकडे होता. लॅपटॉपला बाहेरून कोणी काही जोडलं, तर त्या परक्या वस्तूने मेमरीत कुठवर यायचं, हे तिथे ठरायचं. पूर्वी असली वस्तू बेधडक आत शिरून हवं ते वाचू शकायची. एल्डनने तिला एक कोरं पान नेमून दिलं. देणंघेणं काय ते या पानावर, त्यापुढे पाऊल नाही. एकोणीस वर्षांत दोघं समोरासमोर भेटली ती जेमतेम सहा वेळा. बाकी सगळा व्यवहार मेलवर, सगळ्या जगाला वाचता येईल असा उघड्यावर, आणि त्यातला निम्मा भांडणाचा.

लॅपटॉप आत टेबलावर आला, पण ब्रिनने कॉफीला हात लावला नाही. तिने सांगितलं ते असं. चार वर्षांपूर्वी, हिवाळ्यात, तिची आई घरीच गेली. शेवटचे चार महिने पलंग खालच्या दिवाणखान्यात होता. औषधं, चादरी, रात्रीचं उठणं, सगळं ब्रिनने केलं. एल्डन वरच्या खोलीत दार लावून काम करत बसे. खाली आला तरी दोन मिनिटं उभा राहून परत जाई. आई गेल्यावर ब्रिनने त्याच्याशी बोलणं टाकलं. या वसंतात मात्र राहवेना, म्हणून तिने फोन केला आणि एकच विचारलं, तू खाली का येत नव्हतास? तो म्हणाला, बोलून नाही जमणार, लिहितो. त्यानंतर दर रविवारी त्याचा फोन यायचा. लिहितोय, अजून मनासारखं झालं नाही.

ते लिहिलेलं या यंत्रात होतं, आणि पासवर्ड एल्डनबरोबर गेला होता. यंत्र चालू होतं तोवर कुलपाची किल्ली मेमरीत होती. एकदा बंद पडलं की डिस्क कायमची मुकी.

"दुरुस्तीवाला म्हणाला, बाहेरून मेमरी वाचणारी एक पट्टी मिळते. पोर्टात लावायची, की झालं. तसली तुमच्याकडे असेल."

"आहे. तीन आहेत."

"मग?"

"ती चालू नये, यासाठीच तुझ्या डॅडने सहा वर्षं घासली."

ब्रिन कोरडं हसली. "छान. म्हणजे जिवंतपणी जिना उतरायला वेळ नव्हता, आणि आता मला चढू देणार नाही."

त्या हिवाळ्यातल्या तारखा लोर्नाला पाठ होत्या. त्याच चार महिन्यांत एल्डनने त्या कामाच्या सात आवृत्त्या पाठवल्या होत्या, आणि सहा तिने चुका काढून परत केल्या होत्या. घरात बायको आजारी आहे हे त्याने एका अक्षराने कळवलं नव्हतं. तिनेही कधी विचारलं नव्हतं, आणि याची तिला आत्ता, ब्रिनच्या देखत, लाज वाटली.

तिने खणातून पट्टी काढून पोर्टात लावली. पट्टी काय वाचते ते तिच्या स्वतःच्या संगणकावर दिसत होतं. एक पान भरून शून्यं आली. त्यापुढे नकार.

आता एकच आशा उरली होती. चौथ्या आवृत्तीत एल्डनने एक अपवाद घातला होता. आवाज उतरवून घ्यायची एक जुनी पेटी, त्या नावाची वस्तू आली तर तिला मोकळं सोडावं. त्याच्या घरी ती होती आणि नव्या बंदोबस्तात चालत नव्हती. लोर्नाने ठणकावून लिहिलं होतं, अपवाद कोणालाच नाही. उद्या कोणीही भामटा त्या पेटीचं नाव लावून आत येईल. तो तीन वेळा भांडला. मग लिहिलं, तुझं बरोबर आहे, काढतो. सातवी आवृत्ती गाभ्यात गेली तेव्हा शेवटी रिवाजाप्रमाणे दोन नावं होती, लिहिणाऱ्याचं एल्डन आणि त्याखाली तपासणारीचं लोर्ना. पण स्वतःच्या यंत्रावर ज्याला कोडची जी ओळ ठेवायची ती तो ठेवतो. तिथे तपासायला कोण येतं? लोर्नाने स्वतःच्या यंत्रावर अशा दोन ठेवल्या होत्या.

तिने पट्टीला त्या पेटीचं नाव दिलं. जगाला जिची भीती घातली होती तीच लबाडी ती आता जीव ओतून करत होती. ठेवली असशील रे बाबा, एवढंच मनात म्हणत तिने कळ दाबली.

एक पान भरून शून्यं आली. त्यापुढे नकार.

"काय झालं?" ब्रिनने विचारलं.

यंत्र ऐकत नाही, एवढं सांगून भागलं असतं. लोर्नाने पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"त्याला एक दार उघडं ठेवायचं होतं. घरच्या एका पेटीसाठी. मी बंद करायला लावलं. वाटलं होतं, स्वतःपुरतं तरी ठेवलं असेल. नाही ठेवलं."

"कसली पेटी?"

"टेपवरचा आवाज संगणकात घ्यायची. निळी, चार बटणांची. त्याने लिहिलं होतं, मुलीच्या चेलोवादनाच्या जुन्या टेप आहेत, घाईने उतरवायच्या आहेत."

ब्रिनने लॅपटॉप स्वतःकडे वळवला.

"चेलो मी बाराव्या वर्षी सोडलं," ती म्हणाली. "काही धड येत नव्हतं मला. त्या टेपांत ऐकण्यासारखं काही असेल तर तो पियानो आहे. पियानो आई वाजवायची."

बाहेर हिरवळीवर उरलेली कॉर्ड तशीच पडली होती. लोर्नाला ती उचलायला जावंसं वाटलं, पण ती जागची उठली नाही.

"घाईने म्हणाला होता? त्याच हिवाळ्यात?"

"हो."

"ते मेल आहेत तुमच्याकडे?"

"सगळ्यांकडेच आहेत. त्यांना पासवर्ड लागत नाही."

"मग वाचा. पहिल्यापासून."

लोर्नाने त्या हिवाळ्यातल्या मेलचा धागा उघडला. ब्रिनने खुर्ची जवळ ओढली. एल्डनचं लिहिणं रूक्ष, आकड्यांनी भरलेलं. त्यातलं ब्रिनला काही कळत नसणार, पण तिने एकदाही अडवलं नाही. चौथी आवृत्ती आली. निळ्या पेटीची ओळ आली. त्याच्याखाली लोर्नाचं उत्तर होतं. ते तिने गाळलं नाही, तेही त्याच आवाजात वाचलं.

"घाई असेल तर नवी पेटी विकत घे. तुझ्या घरच्या गाण्यासाठी जगाची दारं उघडी ठेवता येणार नाहीत."